वहीतला हिशेब ‘आर’ला सांगा!

हिंजवडीतल्या कितीतरी घरांत संगणक आहे. पण तो ‘ह्यांचा’! मैत्रिणींनो, दुपारी तासभर तो आपला करा. ‘आर’ ही आकडेवारीची संगणकभाषा न्यूझीलंडमध्ये रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी घडवली. १९९५ पासून ती फुकट मिळते.

सुरुवात घरखर्चाच्या वहीपासून करा. समजा, पाच महिन्यांची वीजबिलं ९००, ९५०, १०००, १०५० आणि मे महिन्याचं २६०० रुपये. ‘मीडियन’ विचारलं की मधला आकडा १००० येतो. नेहमीचा महिना तेवढ्याचाच. ‘मीन’ म्हणजे सरासरी मात्र १३००! दरमहा तेवढे बाजूला काढाल, तरच मे निभेल.

कंस मिटायचा राहिला, तर पडद्यावर अधिकचं चिन्ह दिसतं. घाबरू नका, कंस मिटा. नोकरी सुटली म्हणून आकडेमोड थोडीच सुटते?