दवाखाने एकत्र आले की बिल कुठे जातं?

गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्जाची मागणी आली की आम्ही कारण लिहून घेतो. बियाणं, शेळी, शाळेची फी आणि दवाखाना. बियाण्यासाठी कर्ज घेणारी बाई दोन दुकानांत भाव विचारून येते. दवाखान्यासाठी घेणारी विचारत नाही. तापानं फणफणलेलं लेकरू कडेवर असताना घासाघीस कोण करणार?

तरी भाव ठरतो कसा, ते बघू. तालुक्याच्या गावी चार डॉक्टर वेगवेगळे बसतात, तेव्हा एकानं फी फार वाढवली तर लोक दुसऱ्याकडे वळतात. तेवढा धाक पुरतो. तेच चौघं एका मोठ्या हॉस्पिटलला जोडले गेले तर सोयही होते. रात्री डॉक्टर सापडतो, सोनोग्राफी आणि रक्ततपासणी एकाच छताखाली होते. अडलेल्या बाळंतिणीला त्याचं मोल विचारा! पण मग वळायला दुसरं दार उरत नाही. अमेरिकेत डॉक्टरांचे दवाखाने रुग्णालयांनी विकत घेतले, त्यावर बरेच अभ्यास झाले. दर वाढल्याचं त्यांत दिसलं. उपचार सुधारल्याचा पुरावा मात्र फारसा मिळाला नाही.

चार डॉक्टर म्हणजे स्वस्ताई, असंही नाही बरं का. पेशंट पाठवल्याबद्दल ‘कट’ द्यायची रीत जिथे आहे, तिथे चढाओढ लागते ती जास्त कट कोण देतो याची. तो जातो आपल्याच बिलातून.

आणि एकदा भरती झालं की निवड संपलीच. दिल्लीत बाहेर 10 रुपयांना मिळणारी सिरिंज रुग्णालयातल्या मेडिकलमध्ये 19 रुपये 50 पैशांना घ्यावी लागली, अशी तक्रार एका ग्राहकानं थेट भारतीय स्पर्धा आयोगाकडे नेली. आयोगानं चौकशी लावली. सलाईन लागलेला माणूस उठून दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नाही, हाच तिथला मुद्दा होता.

आपल्या राज्यात 2021च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयानं दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दिसेल अशी लावायची असते. भरती करताना एकीनं पेशंटजवळ थांबावं, दुसरीनं तो फलक वाचावा. औषधं बाहेरून आणायचा हक्कही आपल्याला आहे. ‘इथूनच घ्या’ म्हणाले तर चिठ्ठी मागून घ्या. मोठं ऑपरेशन सांगितलं तर पैसे भरण्याआधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या 155388 या नंबरवर विचारा, की हे रुग्णालय आणि हा आजार योजनेत बसतो का. बसत असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला गाठा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा.