भली आग आणि बुरी आग

बोरिवली आणि मुलुंड यांच्या मधोमध मोठं जंगल आहे. त्याचं नाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. ते सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. त्यात तुळशी आणि विहार हे तलाव आहेत. वारल्यांचे पाडे आहेत.

३ डिसेंबर २०१८ ची गोष्ट. या जंगलाच्या कडेला, गोरेगावच्या डोंगरावर संध्याकाळी वणवा पेटला. आगीचे बंब आले. पण डोंगरात बंब जाणार कसा? रात्री दूरवरून जाळ दिसत होता.

हा वणवा लागतो कशानं? आपल्याकडे वीज पडते ती बहुधा पावसाबरोबर. म्हणून विजेनं जंगल क्वचितच पेटतं. आग लावतो माणूसच. कुणी विडी टाकतो, कुणी चूल तशीच सोडतो. कधी राबाची आग बांध ओलांडून जाते.

पण राब भाजणं वाईट का? नाही. भाताच्या रोपासाठी आपण पालापाचोळा, शेण पसरून जमीन भाजतो. ती आग आपल्या ताब्यात असते. जंगलातही अशी ताब्यातली आग लागते. तिनं जाळरेषा काढतात.

वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. त्याआधीच वनखात्याची माणसं जंगलात पट्टे आखतात. पट्ट्यातलं गवत कापतात, वाळवतात. वारा पडला की ते जाळतात. हिरव्या फांद्या घेऊन माणसं दोन्ही बाजूंना उभी राहतात. पुढे वणवा आला, तर या मोकळ्या पट्ट्याशी येऊन अडतो. त्याला खायलाच काही उरत नाही.

कर्नाटकात बिळिगिरीरंगन डोंगर आहे. तिथले सोलिग आदिवासी हंगामाच्या सुरुवातीला पाचोळा जाळत. आग लहान असे, जमिनीलगत सरकून विझे. १९७४ साली तिथे अभयारण्य झालं आणि ही रीत बंद पडली. मग घाणेरी माजली. सोलिग सांगतात, आता आग लागली की घाणेरीवरून थेट झाडांच्या शेंड्याला जाते. शहाण्यासुरत्या लोकांनाही हे उशिरा उमगलं!

आपल्या जंगलात कारवीचं भान ठेवावं लागतं. कारवी आठ वर्षांनी फुलते आणि मग वाळते. वाळल्या काठ्यांचं रान ठिणगीचीच वाट बघतं.

शिवाय या जंगलाला एक धनी पुरत नाही. एका अंगाला बोरिवली, दुसऱ्या अंगाला मुलुंड, वर येऊर आणि ठाणं. येऊरकडे रेषा झाली आणि मुलुंडकडे राहिली, तर काय उपयोग? म्हणून वनरक्षक, पाड्यातली माणसं आणि शहरातले लोक यांनी रेषेचे दिवस मिळून ठरवावे लागतात.

एकट्यानं मात्र जंगलात काडी ओढू नका. १९२७ च्या वन कायद्यानं तो गुन्हा आहे. राब भाजायचा तर आधी भोवतीचं गवत काढा, पाणी जवळ ठेवा, निखारा विझेपर्यंत हलू नका.

धूर दिसला तर १९२६ या नंबरावर वनखात्याला फोन करा. पैसे पडत नाहीत. कुठला डोंगर, कुठला पाडा, वारा कुणीकडे, एवढं सांगा.