पुढे एक, मागे एक: दोन इंजिनांच्या विमानाबद्दलचे गैरसमज

हौसेने घरीच विमान बांधणाऱ्यांमध्ये एक समजूत पक्की असते: दोन इंजिने पुढे-मागे, एकाच मध्यरेषेवर बसवली की एक बंद पडले तरी काळजी नको. यातले निम्मे अगदी खरे आहे. इंजिने पंखांवर असतील, तर एक बंद पडताच विमानाचे नाक त्या बाजूला ओढले जाते. वेग कमी असेल तर सुकाणूही पुरे पडत नाही आणि विमान उलटू शकते. मध्यरेषेवरच्या इंजिनांत हा धोका उरत नाही.

पण नाक वळत नाही, म्हणूनच इंजिन बंद पडल्याची खूणही मिळत नाही! अशाच पुढे-मागे इंजिनांच्या सेसना ३३७ स्कायमास्टर विमानात मागचे इंजिन धावपट्टीवरच थांबले तरी वैमानिकाला ते कळेलच असे नाही. पाठीमागचा प्रॉपेलर त्याला दिसत नसतो. म्हणून सावध वैमानिक आधी मागच्या इंजिनाला जोर देतात, काटे तपासतात, मग पुढच्याला. शिवाय मागच्या इंजिनाला गार हवा कमी मिळते, जमिनीवर थांबले असताना ते चटकन तापते. म्हणजे ज्याच्यावर जास्त लक्ष हवे, तेच नजरेआड.

मग ते मागचे इंजिन दुय्यम समजायचे का? उलट, स्कायमास्टर एकट्या मागच्या इंजिनावर पुढच्यापेक्षा बरे चढते.

निम्मी ताकद गेली तर चढण्याचा वेग निम्मा होईल, हा हिशेबही चुकतो. पातळी टिकवण्यातच ताकदीचा मोठा वाटा खर्च होतो. विमान चढते ते शिलकीवर. एक इंजिन गेले की ती शिल्लक जवळजवळ संपते. बांधता बांधता वजन वाढलेल्या घरगुती विमानात तर काहीच उरणार नाही, अशी शक्यता असते. ही आकडेमोड कागदावरच करायला हवी.

दोन इंजिने म्हणजे गुंतागुंत दुप्पट, असे म्हणणाऱ्यांनी विमानरचनाकार बर्ट रुटान यांचे याच धाटणीचे डिफायंट पाहावे. १९७८ मध्ये उडालेल्या या विमानाचे आराखडे पुढे हौसेने विमान बांधणाऱ्यांना मिळू लागले. प्रत्येकी १६० अश्वशक्तीची दोन इंजिने, प्रॉपेलरची पाती पक्क्या कोनात बसवलेली. एक इंजिन थांबले तर वैमानिकाला तातडीने काहीच करावे लागू नये, ही त्यामागची कल्पना. सोपेपणाचा इतका नेटका विचार फार थोड्या रचनांत दिसतो.

इंधनाचे मात्र विसरू नये. रुटान यांच्याच व्हॉयेजर या पुढे-मागे इंजिनांच्या विमानाने १९८६ मध्ये न थांबता, वाटेत इंधन न घेता पृथ्वीप्रदक्षिणा केली. बहुतेक प्रवास एकट्या मागच्या इंजिनावर झाला. घर जवळ आले असताना इंधनपुरवठा तुटून तेही थांबले, आणि विमान खाली येत असताना पुढचे इंजिन सुरू करावे लागले.