झाकलेली माती, वाचलेलं पाणी

खारेपाटणात बसून पाणी वाचवण्याविषयी बोलू लागलो तर जुलैत कुणालाही हसू येईल. शुक नदीचं पाणी बाजारपेठेत शिरतं, हे आपण पाहिलेलं आहे. पण जांभ्याच्या जमिनीत पाणी ठरत नाही, आणि एप्रिल उजाडेपर्यंत कितीतरी विहिरींचा तळ दिसू लागतो. भातकापणीनंतर परसात लाल माठ, मुळा, पालक केलेला असतो, त्याची परीक्षा तेव्हा सुरू होते.

मग आपण सकाळ-संध्याकाळ पाणी घालतो. ते जातं कुठं? काही रोप पितं. पण रोपं लहान असताना वाफ्यातली बरीचशी माती उघडी असते. ऊन आणि वारा तिच्यातला ओलावा उचलून नेतात. वरची माती सुकली की खालची ओल बारीक छिद्रांतून वर चढते आणि तीही उडून जाते. मातीवर पेंढ्याचा किंवा पातेऱ्याचा थर असला की हे पुष्कळ कमी होतं. यालाच आच्छादन म्हणायचं. वेदान्तात आवरण दूर सारायचं असतं, वाफ्यात ते घालायचं असतं. आम्हां तत्त्वज्ञानवाल्यांनी एवढं लक्षात ठेवावं!

कृती सोपी आहे. बी ओळीत पेरावं. रोपं चार बोटं उंच झाली की आधी पाणी द्यावं, मग दोन ओळींच्या मधे २-३ इंचांचा थर पसरावा. तो देठांना चिकटू देऊ नये, देठ कुजतात. आंब्याची वाळकी पानं चुरून घालावीत. अख्ख्या पानांवरून पाणी बाजूला वाहून जातं. वाळवीवर नजर ठेवावी. पावसाळ्यात मात्र हा उद्योग नको, थराखाली गोगलगायी संसार थाटतात.

आता मुख्य मुद्दा. आम्ही पहिल्या वर्षी आच्छादन घातलं आणि पाणीही पूर्वीइतकंच ओतत राहिलो. पालक पिवळा पडला, विहीर नेहमीसारखीच आटली. थर ओल टिकवतो. पाणी वाचवणं आपल्याच हातात उरतं. म्हणून थर बाजूला सारून बोट दोन पेरं मातीत घालून पाहावं. ओल लागली तर कळशी खाली ठेवावी. सवय मोडणं अवघड जातं, पण त्याशिवाय वाचत काही नाही.

परड्यातला पातेरा झाडून आपण दरवर्षी पेटवतो. यंदा काडी लावण्याआधी त्यातल्या दोन टोपल्या भाजीच्या वाफ्याकडे नेऊ या.