बाबांचे हातमोजे

गेल्या पावसाळ्यात बाबा चोर्ला घाटातून मोटारसायकलवर भिजत घरी आले. त्यांचे चामडी हातमोजे पाणी पिऊन जड झाले होते. लवकर वाळावेत म्हणून मी ते गॅसजवळ ठेवले. सकाळी पाहते तर पापडासारखे कडक! पहिल्या पगारातून घेतलेले मोजे ते. बाबा काहीच बोलले नाहीत, हेच जास्त लागलं.

मी ते चपला-बॅगा शिवणाऱ्या काकांकडे नेले. ते म्हणाले, "चामडं म्हणजे कातडंच की! तुझ्या हाताला सोसत नाही, ते त्याला सोसंल काय?"

त्यांचं खरं आहे. चामडं कोलॅजेन नावाच्या तंतूंचं बनलेलं असतं. ते कमावताना त्यात तेल मुरवतात, म्हणून तंतू सहज सरकतात आणि मोजे मऊ राहतात. ओल्या चामड्याला जास्त उष्णता लागली की हे तंतू आकसतात. ते नुकसान पूर्ण भरून येत नाही. घामातलं मीठही चामडं कोरडं करतं.

मग करायचं काय? मोजे बादलीत भिजवायचे नाहीत. ओलसर सुती फडक्याला सौम्य साबण लावून हलक्या हाताने पुसायचे, मग दुसऱ्या ओल्या फडक्याने साबण काढायचा. भिजले असतील तर पिळायचे नाहीत. कोरड्या फडक्याने टिपायचे आणि पंख्याखाली सावलीत वाळवायचे. थोडे दमट असतानाच एकदा हातात घालायचे, म्हणजे बोटांचा आकार राहतो. वाळल्यावर लेदर क्रीम अगदी थोडं, आधी कोपऱ्यात लावून बघून. खोबरेल तेल फासू नका. रंग काळपट होतो.

आपल्याकडच्या पावसात बुरशी येतेच. ती घराबाहेर कोरड्या ब्रशने झटकायची, म्हणजे घरात पसरत नाही. मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, सुती कापडात ठेवा. स्वेडच्या खरबरीत मोज्यांना मात्र पाणी आणि क्रीम दोन्ही नको, ब्रश पुरे.

तीन रात्री थोडं थोडं क्रीम लावल्यावर बाबांचे मोजे बरेच मऊ झाले. उजव्या अंगठ्याजवळची चीर मात्र राहिली. बाबा तेच घालतात. आणि भिजून आले की आता आधी माझ्या हातात देतात, "गॅसपासून लांब हं!" म्हणत.