रिकिबीआधीचा घोडेस्वार (लेखांक ७)

मागच्या लेखात इराणचे सासानी स्वार पाहिले. माणूस चिलखतात, घोडाही चिलखतात. आज घराजवळ येऊ.

नागपूरहून वर्ध्याला येताना धाम नदीकाठी पवनार लागते. वाकाटक राजांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे इतिहासकार वा. वि. मिराशींनी मांडले, काही अभ्यासक मात्र रामटेकजवळच्या मनसरकडे बोट दाखवतात. पवनारचे टेकाड १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाने खणले. पाचव्या शतकात इथे राज्य दुसऱ्या प्रवरसेनाचे. त्याचा पूर्वज पहिला प्रवरसेन चार अश्वमेध केल्याची बढाई मिरवत असे. पण यज्ञाला घोडा एक पुरतो, लढाईला शेकडो लागतात. कौटिल्याने उत्तम घोडे म्हणून नावे घेतली ती कांबोज, सिंधू, आरट्ट आणि वनायूची. यातले एकही विदर्भाच्या आसपासचे नाही. वाकाटकांची खरी अडचण मला इथे दिसते.

स्वारीची विद्या मात्र या मातीत जुनी. नागपूरजवळच्या माहुरझरीच्या महापाषाणीय दफनांत घोड्यांचे अवशेष, लोखंडी कडियाळी आणि घोड्याच्या तोंडावरचे तांब्याचे अलंकार मिळाले. म्हणजे वाकाटकांच्या कित्येक शतके आधी इथला स्वार घोड्याला लगामाने थांबवत आणि वळवत होता.

पाय टेकवायला मात्र काही नव्हते. वाकाटक नृपती हरिषेणाच्या काळातल्या अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात बौद्ध कथेतल्या सिंहलाची स्वारी रंगवली आहे: होड्यांत हत्ती, होड्यांत घोडे, हातात भाले. स्वारांच्या पायांत रिकीब नाही. दुसऱ्या प्रवरसेनाचा आईकडचा आजोबा म्हणजे गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त. त्याच्या सोन्याच्या नाण्यावरचा अश्वारूढ राजाही तसाच मांड्यांच्या जोरावर बसलेला. धातूच्या रिकिबी चीनमध्ये चौथ्या शतकात दिसू लागतात. बायझंटाइन सैन्यासाठी त्यांची शिफारस होते ती सहाव्या शतकाच्या अखेरीस, सम्राट मॉरिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या युद्धग्रंथात.

१९६२ मध्ये लिन व्हाइट या इतिहासकाराने युरोपातल्या सरंजामशाहीचे मूळ रिकिबीत शोधले. मला ते पटत नाही. रोमन खोगिराला चार शिंगे होती, ती स्वाराला मांडीशी घट्ट धरत. सासानी स्वार लांब भाला दोन्ही हातांनी पेलून रिकिबीशिवायच तुटून पडत. रिकिबीने तोल सोपा केला, तलवारीचा वार जोरकस केला, नवशिक्याला लवकर तयार केले. एवढे खरे.

मऊ गादीवर बसलेल्या इथल्या स्वाराला शत्रूच्या रांगेत थेट घुसणे महाग पडे. मग त्याची कामे कोणती? माझ्या मते टेहळणी, पाठलाग, बगलेवरून भाला फेकून परतणे. रांग फोडायला हत्ती होतेच, आणि तेही विंध्याच्या जंगलातले. घोड्यासारखे सिंधपलीकडून आणावे लागत नसत.

पुढच्या आठवड्यात हूण, आणि त्यांचे आखूड पण जबर धनुष्य.