जीव घाबरा होतो तेव्हा सोबत्याने काय करावे?

आपल्याकडे ‘झटका आला’ असे कोणी म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम हृदयविकार येतो, मग पक्षाघात. भयाचाही झटका असतो आणि तो सगळा शरीरातूनच बोलतो, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. छाती धडधडते, घाम सुटतो, हातापायांना मुंग्या येतात, श्वास पुरत नाही, आणि ‘आता मी मरणार’ किंवा ‘आता मला वेड लागणार’ अशी खात्रीच वाटू लागते. आपल्या बोलीत ‘जीव घाबरा झाला’ म्हणतात ते हेच. इंग्रजीतील ‘पॅनिक’ हा शब्द ग्रीकांच्या पॅन नावाच्या वनदेवावरून आला आहे. रानात एकट्या गुराख्याला कारणावाचून जे भय दाटून येई, ते या देवाने घातलेले, अशी समजूत होती. कारण दिसत नाही, पण भय मात्र खरे, ही या विकाराची खूण त्या समजुतीत नेमकी उतरली आहे.

औषधोपचार हा डॉक्टरांचा विषय. आम्हांला येथे बोलायचे आहे ते झटका येणाऱ्याच्या शेजारी बसलेल्या माणसाविषयी, म्हणजे नवऱ्याविषयी, बायकोविषयी, किंवा ज्यांचे लग्न ठरले आहे अशा जोडीतील दुसऱ्याविषयी. कारण हा मनुष्य मनापासून मदत करतो आणि पुष्कळदा त्या मदतीनेच दुखणे वाढते.

वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९१५ साली दाखवून दिले की संकट दिसताच शरीर लढण्यास किंवा पळण्यास सज्ज होते. हृदय जोरात चालते, श्वास वाढतो. वाघ समोर असेल तर ही तयारी उपकारकच. परंतु वाघ नसतानाच ती सुरू झाली तर? श्वास भराभर घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून मुंग्या येतात, गरगरते. मनुष्य त्या मुंग्यांनाच भितो, आणि त्या भीतीने धडधड आणखी वाढते. १९८६ साली डेव्हिड क्लार्क या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने हे चक्र नीट मांडले. हा झटका बहुधा दहा मिनिटांच्या आत शिखर गाठतो आणि मग ओसरतो. तो भयंकर वाटतो, परंतु त्याने हृदय बंद पडत नाही.

मात्र पहिल्या खेपेस हा निवाडा घरी करू नये. छातीत दुखणे, दम लागणे ही हृदयविकाराचीही लक्षणे आहेत. थायरॉइड, पंडुरोग, साखर उतरणे यांतही अशी धडधड होते. आधी तपासणी करून घ्यावी.

तपासणीत हा भयाचा झटका ठरल्यानंतर पुढच्या खेपेस काय करावे? शेजारी बसावे. भोवती जमलेल्या नातलगांना बाजूस करावे. ‘काही झालं नाही तुला’ हे वाक्य तर मुळीच उच्चारू नये. ज्याला मरण समोर दिसते आहे त्याला ते अपमानासारखे लागते. त्यापेक्षा ‘मी इथंच आहे. मागच्या वेळीही असंच झालं होतं, आणि ते गेलं होतं,’ असे हळू आवाजात म्हणावे. श्वास सावकाश सोडावा, आणि तो तिच्याबरोबर आपणही सोडावा. तोंडाला कागदी पिशवी लावण्याचा जुना उपाय आता सांगत नाहीत. दुखणे दमा किंवा हृदयाचे असल्यास त्यात धोका आहे.

हे दहा मिनिटांचे झाले. खरी कसोटी पुढे महिनोगणती चालते. समजा, वाशीमच्या एका बाईला अकोल्याच्या एस.टी.त असा झटका आला. पुढच्या खेपेस नवरा म्हणतो, ‘मी येतो सोबत.’ मग तोही प्रवास नकोसा होतो. मग आठवड्याचा बाजार तोच करतो. मग बालाजीच्या देवळातील गर्दीही टळते. लग्नकार्याला ‘तिची तब्येत बरी नाही’ हे उत्तर ठरून जाते. प्रत्येक वेळी तिला घडीभर बरे वाटते, आणि प्रत्येक वेळी ‘सुटले म्हणून वाचले’ हा धडा मनात पक्का होतो. प्रेमाने घर लहान होत जाते. आणि झटका नवऱ्याला येत असेल तर निराळेच नाटक चालते: तो ‘गॅस झालाय’ म्हणतो, बायको सासूपासून लपवते, कोणी दारूचा आधार घेतो, आणि वर्षे निघून जातात.

१९९८ साली वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला, तरी मोठ्या दुखण्यासाठी अकोल्याची वाट धरणारी घरे अजून आहेत. एस.टी.लाच भिणाऱ्या माणसाला ती वाटच आडवी येते. अशा घराने आधी जिल्हा रुग्णालयात मनोविकारांच्या उपचाराची चौकशी करावी, आणि तेही अवघड वाटले तर १४४१६ हा क्रमांक फिरवावा. ऑक्टोबर २०२२ पासून चालू झालेली ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. रोजच्या औषधांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. तोवर सोबत्याने ‘गोळ्यांनी काय झालं?’ असा हिशेब मागू नये. चटकन आराम देणाऱ्या काही गोळ्यांची सवय लागते, म्हणून त्या आपल्या मनाने वाढवू नयेत, आणि एकदम बंदही करू नयेत.

औषधाइतकीच गुणकारी ठरलेली दुसरी चिकित्सा म्हणजे टाळलेल्या गोष्टीकडे पायरीपायरीने परत जाणे. पायऱ्या रुग्णाने ठरवाव्यात, जमल्यास तज्ज्ञाच्या सल्ल्याने; सोबत्याने ढकलू नये. आमच्या त्या बाईने पहिल्या आठवड्यात वाशीमच्या स्टँडवर नुसते बसावे, धडधड सुरू झाली तरी ती ओसरेपर्यंत उठू नये. मग नवऱ्यासह मालेगावपर्यंत जाऊन यावे. मग तो मागच्या बाकावर, ती पुढे. मग ती एकटी, आणि तो स्टँडवर चहा घेत बसलेला. मात्र तेथून त्याने दर पाच मिनिटांनी ‘बरी आहेस ना?’ असा फोन करू नये. मालेगावला उतरल्यावर एकदा तिनेच करावा.